तेलाच्या डब्याचं घिचक

वाद्यसंग्रहालयात हस्तिदंत, शिंपल्यांचं जडावकाम बघत आपण पुढे सरकतो आणि मध्येच काचेमागे चक्क पत्र्याचा डबा दिसतो. आपल्याकडे अशा डब्यात तुळस लावतात. इथे त्यातून सळई आरपार गेलीये, वर लाकडी दांडी, दोन तारा, शेजारी घोड्याच्या केसांचा गज. हे उत्तर अफगाणिस्तानातलं घिचक.

इराणी कमांचे याच गोतातलं. दांडीवर पडदे नाहीत, त्यामुळे सूर बोटांनीच शोधायचा. वाद्य उभं धरायचं. तार बदलताना गज वळवण्याऐवजी वादक वाद्यच थोडं फिरवतो.

आमू दर्यापलीकडे, उझबेकिस्तानात, याच्या भावंडाचं नशीब वेगळं निघालं. त्याचं पोट लाकडी, तोंडावर कातडं. सोव्हिएत काळात ताश्कंदमध्ये त्याला व्हायोलिनसारख्या चार तारा दिल्या, लहान-मोठी मापं ठरवली, ऑर्केस्ट्रात बसवलं. आमच्या भाषेत स्टँडर्डायझेशन! नदीच्या अलीकडे असं काही झालं नाही. तिथे बाजारात रिकामे डबे होते.

ही गरिबीची तडजोड, असं मलाही आधी वाटलं. पण कातडं दमट हवेत सैलावतं, पत्रा सैलावत नाही. डबा चेपला तर दुसरा मिळतो. आणि त्याचा कर्कश, थोडा नाकातला आवाज चायखान्याच्या गलक्यातही ऐकू जातो. अमेरिकन अभ्यासक मार्क स्लोबिन १९६०च्या दशकाच्या अखेरीस या भागात ध्वनिमुद्रणं करत होते, तेव्हा बाजाराच्या दिवशी चायखान्यांत दंबुरा आणि घिचकाची साथसंगत चालायची. १९७६च्या त्यांच्या पुस्तकात हे जग नोंदलंय.

पुढे युद्धं आली. १९९६ ते २००१ तालिबानने संगीतावर बंदी घातली. २०२१मध्ये ते परतले आणि काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेचे विद्यार्थी पोर्तुगालला गेले. जुलै २०२३मध्ये हेरातजवळ गिटार, हार्मोनियम, तबला, स्पीकर एकत्र रचून जाळले गेले.

जळलेलं घिचक पुन्हा बनवणं तसं अवघड नाही. डबा, सळई, दोन तारा. पण पडदे नसलेल्या दांडीवर सूर कुठे असतो, हे शेजारी बसलेल्या उस्तादाचं बोट बघूनच कळतं. ते बसणंच आता गुन्हा आहे. काचेमागच्या पाटीवर मात्र लिहिलेलं असतं: पत्रा, लाकूड, धातू, घोड्याचे केस.