नैराश्याची मोजपट्टी आणि कंपवात

नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचं कूळ शोधत गेलं की इंग्लंडमधलं लीड्स शहर दोनदा लागतं. १९६० साली तिथल्या मॅक्स हॅमिल्टन यांनी १७ बाबींची पट्टी प्रसिद्ध केली. निदान आधीच झालेल्या रुग्णाचं नैराश्य किती खोल आहे, हे तिने सांगायचं. गुण डॉक्टरने द्यायचे, जास्तीत जास्त ५२. झोपेच्या तीन बाबींचे मिळून ६, मंदावलेल्या हालचालींचे ४, थकव्याचे २, पोटाच्या तक्रारींचे २, घटलेल्या वजनाचे २. आता कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण डोळ्यांपुढे आणावा. कूस वळता येत नाही म्हणून झोपमोड, चाल संथ, सततचा थकवा, बद्धकोष्ठ, सदरा सैल झालेला. मन खंबीर असलं तरी एवढ्यावरच १६ गुणांपर्यंत मजल जाऊ शकते, आणि ठीक मानतात ते सातपर्यंतच. उलटी चूक मला अधिक घातक वाटते. या आजारात चेहऱ्यावरचे भाव गोठतात, आवाज खोल जातो. त्यामुळे खरोखर खचलेला माणूसही ‘आजारच तसा आहे’ म्हणून विनाउपचार राहतो.

लीड्समध्येच १९८३ साली झिगमंड आणि स्नेथ यांनी खास इस्पितळातल्या रुग्णांसाठी १४ प्रश्न तयार केले, सात चिंतेचे, सात नैराश्याचे. झोप, भूक, थकवा त्यांनी मुद्दाम गाळले. तरीही ‘आपण मंदावलो आहोत असं वाटतं का’ हा प्रश्न राहिलाच, आणि कंपवातात त्याचं उत्तर ठरलेलं. मग शरीराचे सगळेच प्रश्न काढून टाकावेत का? २००६ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने नेमकं उलट सुचवलं: कारणाची चिरफाड न करता सगळी लक्षणं धरावीत. त्यात तथ्य आहे. झोप ताठरपणाने मोडली की काळजीने, हे कोण सांगणार? शिवाय हा आजार मेंदूतल्या मनःस्थितीशी निगडित रसायनांनाही धक्का लावतो. कित्येकांत नैराश्य थरथरीच्या आधी काही वर्षं येतं. म्हणून सगळं मोजावं, पण नुसत्या बेरजेवर विसंबू नये. गुण कुठून आले ते पाहावं. हताशा, अपराधीपणा, मरणाचे विचार यांतून आले असतील, तर बेरीज लहान असली तरी उपचार लांबवू नयेत.

अकलूजसारख्या गावात आणखी एक अडचण येते. लीड्सची दुसरी प्रश्नावली रुग्णाने स्वतः भरायची. कंपवातात अक्षर बारीक होत जातं, मग कागद मुलाच्या नाहीतर सुनेच्या हाती जातो. ‘जगावंसं वाटत नाही’ हे सासरे सुनेसमोर बोलत नाहीत. ‘बरं चाललंय’ म्हणतात. ओपीडीच्या गर्दीत एवढा वेळ कुठला, हा आक्षेप खरा आहे. पण कशात रस उरलाय का, पुढची आशा वाटते का, एवढं नर्सताईंनी रुग्णाला बाजूला घेऊन विचारायला पाच मिनिटं पुरतात. शिवाय कंपवातावरच्या लेवोडोपा या गोळीचा असर उतरला की काहींचं मनही उतरतं. म्हणून गोळी कधी घेतली ते गुणांशेजारी लिहावं आणि पुढच्या खेपेलाही गोळीनंतर तितक्याच वेळाने विचारावं.