स्पर्धा जिंकली, पण इमारत कुठाय?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांच्या व्हॉइस नोट आल्या. त्यातला एक प्रश्न मला फार आवडला: "मोठ्या सरकारी इमारतीचं डिझाइन कोण ठरवतं? त्याची पण स्पर्धा असते का?" असते. आणि या स्पर्धांचा इतिहास जत्रेतल्या फडाइतकाच रंगतदार आहे. म्हणून आजचा भाग त्यावरच.

मी लासुर्ण्याचा. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं, तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचं गाव. आमच्या भागात स्पर्धा म्हटलं की पहिल्यांदा कुस्ती आठवते, म्हणून कुस्तीवरूनच सांगतो. आखाड्यात उतरलेला पैलवान कोणत्या तालमीचा, कोणाचा पठ्ठ्या, हे हलगी वाजायच्या आत सगळ्या गावाला माहीत असतं. पंचांनाही असतं. त्यात काही बिघडत नाही, कारण पाठ टेकली की सगळ्यांना दिसते.

इमारतीचं तसं नाही. कागदावरचं चित्र बघून ठरवायचं की यातलं सगळ्यात चांगलं कोणतं. इथं पाठ टेकलेली दिसत नाही. म्हणून या खेळाचा पहिला नियम उलटा आहे: पंचाला पैलवानाचं नावच कळू द्यायचं नाही.

पद्धत साधारण अशी असते. ज्याला इमारत हवी तो जाहीर करतो की जागा ही, गरज ही, बजेट एवढं. आर्किटेक्ट नकाशे पाठवतात. नकाशावर नाव नसतं, फक्त एक क्रमांक असतो. नाव बंद पाकिटात. ज्युरी निवड करते आणि मग पाकीट फुटतं. म्हणजे कालच कॉलेजातून बाहेर पडलेली पोरगी आणि चाळीस वर्षं मुरलेला मोठा माणूस एकाच रेषेवर उभे राहतात. निविदेत असं होत नाही. तिथं आधीचा अनुभव, कंपनीची उलाढाल आणि फीचा आकडा बघतात. २०१९ मध्ये दिल्लीच्या सेंट्रल व्हिस्टाचा सल्लागार निविदेतून निवडला गेला, खुली डिझाइन स्पर्धा झाली नाही. तेव्हा बऱ्याच आर्किटेक्टनी नाराजी व्यक्त केली, त्याचं एक कारण हेच होतं.

आता मुंबईला जाऊ. काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तुमच्यातल्या अनेकांनी शाळेच्या सहलीत बघितलं असेल. आधीचं नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. त्याची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ ला झाली. गंमत बघा, दगड आधी बसला आणि डिझाइन नंतर ठरलं! १९०९ मध्ये स्पर्धेतून जॉर्ज विटेट या स्कॉटिश आर्किटेक्टची निवड झाली. विजापूरच्या गोल घुमटावरून त्यानं घुमट घेतला. मधल्या दालनासाठी नाशिकच्या एका वाड्याचं लाकडी काम विकत घेऊन बसवलं. इमारत १९१४ ला तयार झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथं लष्कराचं इस्पितळ चाललं. लोकांसाठी दारं उघडली ती थेट १० जानेवारी १९२२ ला.

विटेट त्या वेळी मुंबई सरकारच्याच नोकरीत होता. त्याचं काम उत्तम आहे, त्यावर दुमत नाही. पण सरकारी इमारत, सरकारी समिती आणि जिंकणारा सरकारी माणूस, असं जिथं जुळून येतं तिथं लोकांच्या मनात शंका येणारच. बंद पाकिटाचा नियम जिंकणाऱ्याच्याही भल्याचा असतो तो यासाठी. नावाला धक्का लागत नाही.

पुढं जगभर हे नियम कागदावर आले. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी युनेस्कोनं १९५६ मध्ये नियमावली मंजूर केली आणि १९७८ मध्ये ती सुधारली. आपल्याकडे १९७२ चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आला. त्यातून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर उभी राहिली आणि १९८९ मध्ये व्यावसायिक आचरणाचे नियम झाले. त्यात म्हटलंय की आर्किटेक्टनं दुसऱ्याशी चढाओढ करत फुकट किंवा कमी फीत डिझाइन करून द्यायचं नाही. अपवाद एकच, कौन्सिलच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घेतलेली स्पर्धा. दुसऱ्या आर्किटेक्टला बाजूला सारून त्याचं काम बळकवायचं नाही, हेही त्यात आहे.

ऐकायला मस्त वाटतं. पण नीट बघा, हे सगळे नियम कोणाला लागू आहेत? आर्किटेक्टला. त्यानं नियम मोडला तर कौन्सिल त्याच्यावर कारवाई करू शकते. स्पर्धा भरवणाऱ्यानं शब्द फिरवला तर? तर कौन्सिलच्या हातात फारसं काही नाही. म्हणजे पैलवानानं लंगोट कसा बांधायचा याचा नियम आहे, पण इनाम जाहीर करून न देणाऱ्या कमिटीला नियमच नाही!

दोन उदाहरणं देतो.

पहिलं भायखळ्याचं. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. त्याच्या नव्या इमारतीसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. जगातल्या नावाजलेल्या कंपन्या उतरल्या आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या स्टीव्हन हॉलचं डिझाइन जिंकलं. सव्वा लाख चौरस फुटांची पांढऱ्या काँक्रीटची इमारत, छतातून झिरपणारा उजेड आणि पावसाच्या पाण्याचा एक तलाव. चित्रं आजही इंटरनेटवर सापडतात. इमारत मात्र उभी राहिली नाही.

दुसरं आंध्रचं. अमरावती या नव्या राजधानीतल्या सरकारी संकुलासाठी तीन आर्किटेक्ट शेवटच्या फेरीत होते: जपानचे फुमिहिको माकी, इंग्लंडचे रिचर्ड रॉजर्स आणि आपल्या पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी. २०१६ मध्ये ज्युरीनं माकींना निवडलं. त्याच वर्षी सरकारनं त्यांना बाजूला केलं आणि पुढं काम फॉस्टर अँड पार्टनर्सकडे गेलं. माकींनी थेट कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरला पत्र लिहून तक्रार केली. जगातला इतका मोठा आर्किटेक्ट, तरी त्याच्या हातात उरलं काय, तर पत्र.

"परदेशात सगळं सुरळीत असतं" असं म्हणू नका हां. ग्रीसमध्ये अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियमसाठी एक-दोन नाही, चार स्पर्धा झाल्या. १९७६ आणि १९७९ च्या स्पर्धांतून काहीच निघालं नाही. १९८९ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा इटलीच्या निकोलेत्ती आणि पासारेल्ली यांनी जिंकली. पण जागेवर प्राचीन वस्तीचे अवशेष निघाले, वाद झाले आणि तो निकालही रद्द झाला. २००० मध्ये पुन्हा स्पर्धा झाली. यावेळी अवशेष सांभाळण्याची गोष्ट आधीच समोर होती. ती बर्नार्ड त्शुमीनं जिंकली. त्यानं अख्खी इमारत खांबांवर उचलली आणि काही ठिकाणी काचेची जमीन केली. आज पर्यटक चालता चालता पायाखाली प्राचीन अथेन्स बघतात. जून २००९ मध्ये उद्घाटन झालं. पहिल्या स्पर्धेपासून तेहतीस वर्षं!

फरक कुठंय? आज ग्रीसमध्ये सरकारी खरेदीच्या कायद्यातच डिझाइन स्पर्धेचे नियम आहेत. युरोपियन युनियनचा २०१४ चा निर्देश त्यांनी २०१६ मध्ये आपल्या कायद्यात उतरवला. ज्युरीचा निर्णय होईपर्यंत नावं गुप्त. स्पर्धकांकडून जी पात्रता मागितली असेल, तीच किंवा तिच्या तोडीची पात्रता किमान एक तृतीयांश ज्युरीकडे हवी. आणि हे सगळं स्पर्धा भरवणाऱ्या सरकारी खात्यावर बंधनकारक. तिथंही प्रकल्प रखडतात, पण नियम दोन्ही बाजूंना आहे.

आता तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? संबंध आहे. एसटी स्टँड, शाळा, दवाखाना, पंचायत समिती, या इमारतींत आपण आयुष्यभर ये-जा करणार. त्यांचे नकाशे बहुतेक वेळा खात्यात बनतात किंवा निविदेतून येतात. कधीतरी तुमच्या शहरात स्पर्धा जाहीर होईल, तेव्हा नुसती रंगीत चित्रं शेअर करू नका. विचारा: ज्युरीत कोण आहे? नावं झाकलीत का? जिंकणाऱ्याला काम देणार असं लेखी आहे का? काम रद्द झालं तर भरपाई किती? आणि सगळी डिझाइनं लोकांना बघायला मांडणार का?

तुमच्यातलं कोणी आर्किटेक्चर शिकत असेल तर हे प्रश्न फॉर्म भरायच्या आधीच विचारा. रात्र रात्र जागून काढलेल्या नकाशाचं मोल त्यावर ठरतं.

तुमच्या तालुक्यात एखादी सरकारी इमारत स्पर्धेतून उभी राहिली असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. मला खरंच ऐकायचंय. भेटू पुढच्या भागात. राम राम!