गोळी आणि खिळा

भाच्याच्या गॅरेजमध्ये शिसं वितळत होतं आणि मला सांगलीचा वास आला.

भाचा ॲरिझोनात राहतो, फिनिक्सपासून तासाभरावर. दर शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर जाणं हा त्याचा छंद. उघडा माळ, अलीकडे लाकडी टेबलं, पलीकडे निशाणं आणि निशाणांमागे मातीचा उंच बांध. आपल्याकडे अशा जागेला चांदमारी म्हणतात. चांद म्हणजे निशाणाच्या मधला गोल. झाडलेली प्रत्येक गोळी शेवटी त्या बांधात जाऊन बसते. जुलै-ऑगस्टात तिकडेही पावसाळा असतो. एखादी सर दणकून आली की बांधाची माती धुपते आणि गोळ्या उघड्या पडतात. कुणी चेपलेली, कुणी फुलासारखी उमललेली, सगळ्या राखाडी. मग क्लबाची परवानगी काढून भाचा आणि त्याचे दोस्त चाळणी-बादल्या घेऊन निघतात. भुईमूग काढून झाल्यावर शेतात राहिलेल्या शेंगा वेचतात ना, तसंच. सरवाच तो, फक्त शिशाचा. बादली अर्धी भरली तरी एका हातानं उचलत नाही, कारण शिसं पाण्याच्या अकरा पट जड.

(आपल्याकडे हे करून पाहायच्या भानगडीत कुणी पडू नये. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. आणि लष्कराच्या तोफांच्या सराव क्षेत्रात भंगार वेचताना न फुटलेला गोळा फुटून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.)

बादली आठवडाभर उन्हात वाळवायची. एक ओली गोळी जरी वितळलेल्या शिशात पडली, तरी पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं छतापर्यंत उडतं. गॅसच्या शेगडीवर बिडाचं भांडं. ३२७ अंशांना शिसं वितळायला लागतं आणि मग एक गंमत दिसते. गोळ्यांवरची तांब्याची टोपणं, वाळू, खडे, सगळं वर येऊन तरंगतं. तांबं तरंगताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. भाच्यानं झाऱ्यानं ते काढून बाजूच्या पत्र्यावर टाकलं, मग मेणाचा एक तुकडा भांड्यात सोडला. भक्कन ज्वाळा उठली, वरची करडी साय काळी भुकटी होऊन सुटली आणि खाली आरसा दिसला.

वास आला तो तेव्हा. माझे वडील, अण्णा, सांगलीत एका छापखान्यात जुळारी होते. झिजलेले, कान तुटलेले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, ते एका डालड्याच्या डब्यात टाकत. डबा भरला की तो टाइप फाउंड्रीत वजनावर द्यायचा आणि त्याच्या मोबदल्यात नवे खिळे घ्यायचे. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. असंच भांडं, अशीच पळी, असाच धूर. डब्यातल्या सगळ्या काना-मात्रा-वेलांट्या दोन मिनिटांत एकजीव झाल्या होत्या. मी तेव्हा आठ वर्षांचा असेन आणि मला रडू आलं होतं, ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

हे आठवत होतो तोच भाचा म्हणाला, “मामा, हे शिसं फार मऊ आहे. ह्यात थोडं लिनोटाइप घालायला लागेल.”

मी म्हटलं, काय घालायला लागेल?

त्यानं फळीवरून एक पाटी काढली. बोटाएवढी जाड, एका कडेला उलटी इंग्रजी अक्षरं. कुठल्याशा वर्तमानपत्राची एक आख्खी ओळ!

खुलासा सोपा आहे. निव्वळ शिशाची कठीणता ब्रिनेलच्या मापात जेमतेम पाच. अशी मऊ गोळी वेगानं झाडली तर नळीच्या आतल्या आट्यांना शिसं फासत जाते. लिनोटाइपच्या धातूत शंभरात सुमारे ८४ भाग शिसं, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असतं आणि त्याची कठीणता बाविसाच्या आसपास जाते. अँटिमनीनं कणखरपणा येतो, निवताना धातू आकसतोही कमी. कथलामुळे तो साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो. छापणाऱ्याला अक्षराची कड धारदार हवी होती, नेमबाजाला गोळीची. न्यूयॉर्क टाइम्सनं २ जुलै १९७८ चा अंक शेवटचा गरम धातूवर छापला. त्या दशकात अमेरिकेतल्या छापखान्यांनी आख्ख्या ओळी ओतणारी ही लिनोटाइप यंत्रं मोडीत काढली तेव्हा ह्या धातूचे ढीग भंगारात आले आणि त्यातला बराच माल गोळ्या ओतणाऱ्यांनी उचलला. म्हणजे काल ज्यानं बातमी छापली, ते आज बांधात घुसतंय, उद्या वेचलं जाऊन परत ओतलं जातंय.

त्या दिवसापासून मी ह्याच एका नादाला लागलो आहे. माझं म्हणणं असं की गोळी आणि खिळा हे नुसते एका धातूचे नाहीत, एका घरातले आहेत, आणि त्यात थोरली गोळी.

पहिला धागा मिळाला शब्दांत. लॅटिनमध्ये बुल्ला म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा. त्यावरून कुठलीही गोल, फुगीर वस्तू. रोमन मुलांच्या गळ्यातला ताईतही बुल्लाच. पुढे पोपच्या पत्राला दोरीनं लोंबणारा शिशाचा गोल शिक्का बुल्ला झाला. त्याच्या एका बाजूला संत पीटर आणि पॉल यांचे चेहरे, दुसऱ्या बाजूला पोपचं नाव. मग शिक्क्याचं नाव पत्रालाच चिकटलं आणि पोपच्या फर्मानाला बुल म्हणू लागले. त्याच बुल्लाचा फ्रेंचमध्ये बूल झाला, बूलचा बूले आणि त्यावरून इंग्रजी बुलेट. इटालियनमधून फिरून आलेलं बुलेटिन त्यातलंच. आणि बुल्लाचा मध्ययुगात बिल्ला होऊन आलेलं बिलही! वाण्याचं बिल, आकाशवाणीचं बुलेटिन आणि बंदुकीची बुलेट ही तिन्ही एकाच बुल्लाची लेकरं. रॉयल एनफिल्डवर बसणाऱ्यांनीही नोंद घ्यावी.

बॅलट मात्र ह्या घरातलं नाही. ते इटालियन बालोत्तावरून, म्हणजे मत टाकायच्या छोट्या चेंडूवरून आलं आणि त्याचं कुळ जर्मानिक, इंग्रजी बॉलचं. बॅलट की बुलेट असा अनुप्रास साधणाऱ्या वक्त्यांना दोन परक्या घरांची सोयरीक जमवल्याचं पुण्य लागतं. फार मागे गेलं तर दोन्हींचं मूळ ‘फुगणे’ अशा अर्थाच्या एकाच धातूत शोधणारे पंडित आहेत. तेवढं मागे गेलं तर सगळेच एकमेकांचे चुलतभाऊ निघतात, म्हणून मी तिथं जात नाही.

आता आपली बंदूक. ही फारसी-अरबीतून आली, ह्यावर वाद नाही. वाद त्याच्या मागे आहे. अरबीत व्हेनिसचं नाव अल-बुंदुकिय्या. तेव्हा व्हेनिसहून आलेलं हत्यार ते बंदूक, असं एक मत आहे आणि ते ऐकायला झकास वाटतं. पण बुंदुक ह्या शब्दाचा साधा अर्थ हेझलनट. काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रांतातलं म्हणून ग्रीकांनी त्या फळाला पोंतिकोन म्हटलं, त्याचं अरबीत बुंदुक झालं. मग त्या फळाएवढी मातीची गोळी बुंदुक झाली. धनुष्यानं अशा गोळ्या मारून पाखरं टिपणं हा बगदादेत मोठा मानाचा खेळ होता; खलिफा अन-नासिर ह्यानं त्याचे नियम आपल्या हाती घेतले होते. इजिप्तचा सुलतान बैबर्स ह्याला अल-बुंदुकदारी म्हणत, कारण त्याचा आधीचा मालक अयदाकीन हा बुंदुकदार, म्हणजे सुलतानाचं गोळ्यांचं धनुष्य सांभाळणारा सरदार. बैबर्स मेला १२७७ मध्ये. तेव्हा व्हेनिसच काय, कुणाकडेच खांद्याला लावायची नळी नव्हती. व्हेनिसवाल्यांना ह्याचं उत्तर देता येत नाही. गोळी आधी होती. नळी आली तेव्हा तिला गोळीचंच नाव मिळालं.

आणि इथंच मला सापडली ती चीज, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. शिशाच्या गोळीला फळाचं नाव अरबांच्या कितीतरी आधी रोमनांनी दिलं होतं. गोफणीतून मारायच्या त्यांच्या गोळीचं नाव ग्लान्स, म्हणजे ओक झाडाचं बोंड. आकारानंही तशीच, दोन्ही टोकांना निमुळती. दोन अर्ध्यांच्या साच्यात शिसं ओतून ती करत. आणि त्या गोळ्यांवर अक्षरं असत! कोरलेली नव्हेत, ओतलेली. साच्यात अक्षर उलटं खोदायचं, म्हणजे गोळीवर ते सुलटं आणि उठून येतं. ग्रीक गोळ्यांवर कधी नुसतं ‘घे’ असं लिहिलेलं सापडतं. इसवी सनापूर्वी ३४८ मध्ये मॅसेडोनच्या फिलिपनं ऑलिंथस शहर घेतलं, तिथल्या मातीत त्याच्या नावाच्या गोळ्या निघाल्या. इसवी सनापूर्वी ४१-४० च्या हिवाळ्यात रोमन सेनानी ऑक्टेव्हियननं पेरूझिया शहराला वेढा घातला तेव्हा तर दोन्ही बाजूंनी एकमेकांना शिव्या ओतून मारल्या. एकीकडून त्याची वैरीण फुल्व्हिया हिच्या नावानं, दुसरीकडून खुद्द ऑक्टेव्हियनच्या. त्यातल्या बऱ्याच छापण्याच्या लायकीच्या नाहीत. योहान गुटेनबर्गच्या जवळजवळ दीड हजार वर्षं आधी उलट्या साच्यातून शिशाचं अक्षर निघत होतं, आणि ते निघत होतं गोळीवर.

गुटेनबर्गचं श्रेय अक्षर उलटं करण्यात नाही. हातातल्या दोन अर्ध्यांच्या साच्यात, हव्या त्या रुंदीचा एकेक सुटा खिळा झटपट पाडता यावा, ह्यात ते आहे. योस्ट अम्मान ह्याच्या १५६८ च्या धंद्यांच्या चित्रपुस्तकात खिळे ओतणारा कारागीर बसलेला दिसतो. भट्टी, पळी, हातात साचा. ते चित्र मी भाच्याच्या शेजारी धरून पाहिलं, फक्त टोपीचा फरक. १५४० मध्ये इटालियन बिरिंगुच्चो ह्याचं धातुकामावरचं पुस्तक निघालं. तोफा ओतणं, दारू करणं आणि छपाईचे खिळे ओतणं, सगळं त्या एकाच पुस्तकात आहे. मग खिळ्याचा साचा हा गोळीच्या साच्याचा सुधारलेला मुलगा, असं का म्हणू नये?

म्हणू नये, असं सांगणारे पुष्कळ आहेत. बहुतेक इतिहासकारांच्या मते हा वारसा सोनारांचा आणि नाणी पाडणाऱ्यांचा: पोलादी ठसा, तांब्यात त्याची मातृका, मातृकेतून खिळा. त्यांचा मुद्दा वजनदार आहे. बिरिंगुच्चोच्या खिळ्यांत मुख्य धातू कथील, शिसं थोडंच. हेही माझ्या विरुद्धच जातं. पण गुटेनबर्गचा आधीचा धंदा बघा. आखेनच्या यात्रेकरूंना विकायला तो स्ट्रासबर्गात धातूचे बिल्ले-आरसे ओतत होता. यात्रा पुढे ढकलली गेली, भागीदारीत तंटा झाला आणि १४३९ च्या खटल्यामुळे ते आपल्याला कळतं. ते बिल्ले शिसं-कथलाचे, घाऊक ओतायचे. सोनाराच्या नाजूक कामापेक्षा हे गोळ्यांच्या कामाला जवळचं.

खरा दणका दिला तो २००१ मध्ये प्रिन्स्टनच्या पॉल नीडहॅम आणि ब्लेझ अग्वेरा इ अर्कास ह्यांनी. गुटेनबर्गच्या छापखान्यातून निघालेल्या एका पत्रकातली तीच-तीच अक्षरं त्यांनी संगणकावर एकमेकांवर ठेवून पाहिली. एकाच मातृकेतून निघाली असती तर ती सारखी हवी होती. शाई नि झीज धरूनही ती फारच वेगवेगळी निघाली. त्यांचा तर्क असा की मातृका टिकाऊ नव्हतीच. अक्षर वाळूसारख्या कशात तरी दाबून ओतत असावेत, दर वेळी नवं. म्हणजे माझा दोन अर्ध्यांचा साचा गेला. आणि ते पत्रक कुठलं होतं? पोप तिसरा कॅलिक्स्टस ह्याचं तुर्कांविरुद्धचं १४५६ चं फर्मान. बुल! ज्या बुल्लावरून बुलेट निघाली, त्याच नावाच्या कागदानं माझ्या गोळीला पाडलं.

दोन दिवस मी गप्प होतो. मग नेदरलँड्समधलं वेल्सन सापडलं. इसवी सन २८ च्या सुमारास फ्रिसियन लोकांनी तिथल्या रोमन किल्ल्यावर हल्ला केला. साचे काढायला सवड नव्हती, तेव्हा सैनिकांनी ओल्या वाळूत बोटं खुपसली आणि त्या भोकांत शिसं ओतलं. बोटाच्या टोकाच्या आकाराच्या त्या गोळ्या उत्खननात मिळाल्या आहेत. तेव्हा गुटेनबर्गनं वाळूत ओतलं असलं तरी मला चालतं. गोळीवाले तिथंही आधी जाऊन आले होते. मधल्या चौदाशे वर्षांचं काय, असं कुणी विचारेल. त्या चौदाशे वर्षांत चर्चची छपरं, नळ, शिक्के, सगळं शिशाचंच होतं आणि शिसं ओतणारा हात कधी रिकामा नव्हता. एवढं मला पुरतं.

बाकीचा इतिहास थोडक्यात. १७८२ मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सनं शिसं उंचावरून चाळणीतून पाण्यात पाडून छर्रे करायचं पेटंट घेतलं. त्याआधी, ९ जुलै १७७६ ला न्यूयॉर्कच्या लोकांनी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज ह्याचा शिशाचा पुतळा पाडला आणि कनेक्टिकटमधल्या लिचफिल्डच्या बायका-मुलांनी त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या. आपल्याकडे जावजी दादाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी टाइप घासले आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. नागरी खिळ्याला खरी कड तिथं आली.

निघायच्या दिवशी भाच्यानं मला गॅरेजमध्ये नेलं. हात दोनदा साबणानं धुतले, मलाही धुवायला लावले. वर्षातून एकदा तो रक्तातलं शिसं तपासून घेतो. मग त्या उलट्या अक्षरांच्या पाटीकडे बघत म्हणाला, “मामा, आजोबांचे खिळे असतील ना अजून घरी? तो धातू आता मिळत नाही. पुढच्या वेळी येताना आणाल?”

नाहीत रे, सगळे तेव्हाच फाउंड्रीत गेले, असं मी सांगितलं.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, पानाच्या जुन्या डबीत, पाव किलोच्या वर आहेत. काही मोडके काने, दोन-तीन पूर्णविराम, आणि का कोण जाणे, पुष्कळसे ‘ळ’.