शब्दाची पत: दलाल स्ट्रीटने माणसं कशी पारखली

शेअर बाजारात सौदे करणाऱ्या चमूसाठी माणूस निवडताना काय बघावं, असं आज विचारलं तर उत्तरं साधारण सारखीच येतात: गणित पक्कं हवं, डोकं थंड हवं, निर्णय झटपट हवा. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर शतकाहून अधिक काळ हे गुण दुय्यम होते. तिथे पहिला प्रश्न असे, हा कुणाचा कोण, आणि उद्या याने हात वर केले तर याच्यामागे कोण उभं राहील? जातीपातीचा आणि घराण्याचा पगडा म्हणून या पद्धतीकडे बघितलं जातं, आणि पगडा होताच. पण एवढ्यावर थांबलं की एक महत्त्वाची गोष्ट सुटते. बाजाराच्या व्यवस्थेला जी हमी देता येत नाही, ती बाजार माणसाकडून मागतो. व्यवस्था बदलली की माणसाची पारखही बदलते. दलाल स्ट्रीटचा इतिहास या दृष्टीने वाचला तर त्या जुन्या निवडीमागचा हिशेब दिसतो, आणि तिने कुणावर अन्याय केला तेही स्पष्ट दिसतं.

१८५०च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडांखाली मूठभर दलाल जमत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि १८६१ नंतर मुंबईत पैशाचा पूर आला. साठेक दलालांचे बघता बघता दोनशेच्या वर झाले. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँक ऑफ बॉम्बेत तारणासारखा चाले. युद्ध संपलं, कापूस पडला, आणि १ जुलै १८६५ला वायद्यांची मुदत भरली तेव्हा देणी भागवायला बहुतेकांकडे काही उरलं नव्हतं. प्रेमचंदही बुडाले, बँकही पुढे गुंडाळावी लागली. त्यानंतर कायदाही दलालाच्या मदतीला येईल अशी खात्री राहिली नाही. पैजेच्या स्वरूपाचे करार मुंबई इलाख्यात १८६५च्या कायद्याने आणखी आवळले गेले, आणि १८७२च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने ते देशभर रद्दबातल ठरवले. नुसत्या भावफरकावर केलेला सौदा समोरच्याने नाकारला, तर कोर्टाची पायरी चढून हाती काही लागेलच असं नव्हतं.

९ जुलै १८७५ रोजी दलालांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली ती या पार्श्वभूमीवर. सभासद ३१८, प्रवेश फी एक रुपया. फी नाममात्र असली तरी दार सताड उघडं नव्हतं. पुढे या सभासदत्वाला ‘कार्ड’ म्हणू लागले, त्याची किंमत लाखांत आणि मग कोटींत गेली, ते बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं. तरीही ते घरादारासारखी मालमत्ता नव्हतं. दिवाळं काढणाऱ्या सभासदाचं कार्ड बाजाराकडे परत जाई. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानेही मुंबई शेअर बाजाराच्या एका खटल्यात हेच मान्य केलं, की कार्ड ही वैयक्तिक परवानगी आहे, सभासदाच्या इतर देणेकऱ्यांना त्यावर टाच आणता येत नाही. माणसाची पत हाच त्या कार्डाचा पाया होता. पत गेली की कार्ड गेलं.

रिंगणातलं काम पाहिलं की ही अट का होती ते उमगतं. खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव पुकारणारा जॉबर गर्दीत उभा असे. हाताची खूण, एक आरोळी, आणि सौदा पक्का. सही नाही, साक्षीदार नाही. दोघे आपापल्या वहीत आकडा टिपून घेत आणि वह्या ताडून बघण्याचं काम बाजार उठल्यावर होई. तोवर भाव कुठल्या कुठे गेलेला असे. ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणण्यात ज्याचा फायदा आहे, त्याने तसं न म्हणणं यावर सगळा डोलारा तोललेला होता. अशा ठिकाणी हुशार पण अनोळखी पोरगा ठेवणं पेढीला परवडणारं नव्हतं. मुलगा, पुतण्या, भाचा किंवा गावाकडच्या ओळखीतला कुणी ठेवला, तर त्याच्या चुकीची भरपाई करायला अख्खं कुटुंब बांधील असे. लग्नसंबंध, उधारी, अब्रू सगळंच पणाला लागलेलं असे. नातं हीच तिथली जामीनकी होती.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे, आणि तो मला कमी लेखायचा नाही. ही जामीनकी ज्यांच्याकडे जन्माने होती त्यांनाच बाजार खुला राहिला. गुजराती, पारशी, मारवाडी पेढ्यांच्या या जगात मराठी आडनावं विरळ होती, आणि बायकांना तर रिंगणात जवळपास जागाच नव्हती. मुंबईत राहून, हिशेबात तरबेज असूनही कितीतरी माणसं या व्यवसायाच्या उंबऱ्याबाहेर राहिली. त्या काळाच्या गरजेने ही पद्धत समजून घेता येते, पण त्यामुळे अन्याय पुसला जात नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: एवढं करूनही बाजार बुडायचा तो बुडालाच ना? १९९२च्या रोखे घोटाळ्यात बँकांनी दलालांच्या नावावर विसंबून, हाती रोखे नसताना, नुसत्या पावत्यांवर पैसे दिले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने तो आकडा ४,००० कोटींच्या वर नेला. पण यातून ओळखीची पारख मुळात निरुपयोगी होती असं सिद्ध होत नाही. ती छोट्या वर्तुळात चालते, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाचं देणं-घेणं ठाऊक असतं. १८६५ला वर्तुळ चार वर्षांत तिपटी-चौपटीने फुगलं होतं, आणि १९९२ला ते सरकारी बँकांच्या तिजोऱ्यांपर्यंत पसरलं होतं. दोन्ही वेळी शब्दाची पत तिच्या आवाक्याबाहेर ताणली गेली.

३ नोव्हेंबर १९९४ला राष्ट्रीय शेअर बाजारात पडद्यावर शेअरचे सौदे सुरू झाले, मार्च १९९५मध्ये दलाल स्ट्रीटवर ‘बोल्ट’ ही तशीच पडद्यावरची यंत्रणा आली, आणि १९९६पासून राष्ट्रीय बाजाराचं क्लिअरिंग कॉर्पोरेशन प्रत्येक सौद्याच्या मध्ये उभं राहून हमी देऊ लागलं. समोर कोण आहे हे आता दिसतही नव्हतं, आणि कळण्याची गरजही नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांची कसोटी पाच-सात वर्षांत गळून पडली. गर्दीचा कल आवाजावरून ओळखणारे जॉबर निरुपयोगी ठरले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती विद्या कुणी लिहूनही ठेवली नाही. त्यांच्या जागी परीक्षा उत्तीर्ण झालेले, कुणाचेही कुणी नसलेले तरुण आणि तरुणी आल्या.

मग नव्या माणसात शोधायचं काय? शिकागोत हा प्रश्न आधीच पुढे आला होता, कारण तिथल्या बोर्ड ऑफ ट्रेड या वायदे बाजाराचं क्लिअरिंग कॉर्पोरेशन १९२५पासूनचं. तिथे सौदे करणाऱ्या रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या दोन मित्रांत वाद होता: सौदे करणं शिकवता येतं की ते उपजतच लागतं? १९८३ साली डेनिसने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, हजाराच्या आसपास अर्जांतून डझनभर माणसं निवडली, त्यांना दोन आठवडे नियम शिकवले आणि स्वतःचा पैसा हाती दिला. पत्त्यांच्या जुगारात शक्यता मोजणारे, हिशेबनीस, एकोणीस वर्षांचा एक मुलगा, अशी ती माणसं होती. त्यांनी कोट्यवधी डॉलर कमावले, आणि शिकवण जिंकली असं तेव्हापासून सांगितलं जातं. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. हजारातून डझनभर निवडल्यावर यश शिकवणीचं की निवडीचं, हे सांगणार कसं? नियम सगळ्यांना एकच मिळाले, तरी ते पाळण्यात फरक पडला आणि काहींना काढावंही लागलं. खुद्द डेनिसला मोठ्या नुकसानीनंतर १९८८मध्ये हा उद्योग आवरता घ्यावा लागला. सौद्याची हमी व्यवस्था देत होती. सलग तोटा होत असताना नियमाला चिकटून राहण्याची हमी ती देऊ शकत नव्हती, आणि डेनिसच्या निवडीत खरा शोध त्याचाच होता.

पुढे नियम पाळण्याचं कामही यंत्राने घेतलं. यंत्राला भीती नाही, हाव नाही. म्हणून आता माणसाची पारख उरलीच नाही, असं कुणी म्हणेल. १ ऑगस्ट २०१२ची न्यूयॉर्कमधली सकाळ त्याला उत्तर देते. नाइट कॅपिटल या कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवी आज्ञावली चढवायची राहून गेली आणि तिथला जुना, बाद झालेला भाग जागा झाला. पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. ते काम पुन्हा तपासून बघायला दुसरा माणूस नेमलेला नव्हता. बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या यंत्रणेने त्या बिघाडाकडे बोट दाखवणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. पण ते धोक्याचा इशारा म्हणून वाचण्याची जबाबदारी तिथे कुणाचीच नव्हती.