आवाजामागचे हात

मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, ही गोष्ट इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण त्या दिवसांत आपल्या गावाची खरी हकीकत नभोवाणीवरून देशाला सांगणे शक्य नव्हते. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजी दीड किलोवॉटचे केंद्र उघडले होते खरे. परंतु ते चालवणारी खाजगी कंपनी बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून केंद्र सरकारच्या हाती गेले. ज्याच्या हाती यंत्र, त्याचीच वाणी, असा तो न्याय होता.

बारा वर्षांनी लोकांनी स्वतःचे यंत्र उभारले. 'छोडो भारत'चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, आणि ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस मुंबईतून ४२.३४ मीटरवर 'काँग्रेस रेडिओ' बोलू लागला. उषा मेहता, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी ही मंडळी त्यात होती, डॉ. राममनोहर लोहियांचे मार्गदर्शन होते. यंत्र जुळवले नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने.

हे यंत्र म्हणजे काय, हे जरा समजून घेऊ. त्याचा जीव काचेच्या व्हॉल्व्हमध्ये असतो. आतली तार तापली की तिच्यातून विद्युत्कण सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे ओढले जातात. मधल्या जाळीवर दिलेला अगदी लहानसा विद्युत्दाब या मोठ्या प्रवाहाला कमीजास्त करतो. एक व्हॉल्व्ह लहरी निर्माण करतो, पुढचे त्यांना बळ देतात, आणि त्या लहरींवर माणसाचा आवाज चढवला जातो. ४२.३४ मीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७१ लक्ष आंदोलने. ती ढळली, तर ऐकणाऱ्याला केंद्र सापडत नाही.

म्हणून चालवणाऱ्याचे काम नाजूक. तार तापेपर्यंत मोठा दाब जोडायचा नाही. एरियलचा मेळ बसला नाही, तर शक्ती आतच कोंडते आणि व्हॉल्व्हचा पत्रा लालभडक होतो. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये जीवघेणा साठा उरतो. तो उतरवल्याखेरीज आत हात घालणे म्हणजे मरणाला बोलावणे.

त्यात पोलिसांची लहरींचा माग काढणारी यंत्रे मागावर. त्यामुळे चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव असे बिऱ्हाड सारखे हलवावे लागे. दर नव्या जागी एरियल पुन्हा ताणायची आणि मेळ पुन्हा बसवायचा, तोही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सुगावा न लागू देता! अशा यंत्रावरून जमशेदपूरच्या कामगारांच्या संपाची बातमी गेली. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकीकत गेली. दडपलेल्या बातम्यांना वाट मिळाली.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत पोलीस शिरले. माग काढणाऱ्या यंत्रांपेक्षा घरभेद अधिक कामी आला होता: प्रिंटर पकडला गेला आणि त्याने ठिकाण दाखवले. खाकरांना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे, झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली.

प्रिंटरला दोष देऊन आपण मोकळे होतो. मला संघटनेचा माणूस म्हणून दुसरेही दिसते. कारखान्यात एकाच जॉबरला यंत्राची नस ठाऊक असली, की मालकाला त्या एकट्यालाच वळवणे पुरते. चळवळीचेही तसेच आहे. भाषण करणारे आपल्याकडे पुष्कळ तयार होतात. एरियलचा मेळ बसवणारे किती जण तयार करतो? कारागिराला आपण मजुरीपुरता जवळ करतो, आणि पुढे त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा धरतो. त्याला विचारात सहभागी करून घ्यावे, आणि आपणही त्याच्या शेजारी बसून त्याची विद्या शिकावी. अडीच महिन्यांच्या त्या वाणीचा इतिहास वाचताना मला एवढे वाटते, की त्या खोलीत यंत्र जाणणारे आणखी चार विश्वासू हात असते, तर ती कदाचित आणखी काही काळ बोलत राहिली असती.