पास कुणाच्या सहीचा?

जून उजाडला की गडचिरोली जिल्ह्यातल्या एसटी आगारांत मुलामुलींची पास काढायला गर्दी होते. त्यातली कितीतरी नुकतीच दहावी पास झालेली असतात. घरी बापाला मजुरीचं बिल पास होण्याची वाट असते. गावाबाहेरच्या रस्त्यावर बांबू भरलेला ट्रक उभा असेल, तर चालकाच्या खिशातही पासच असतो, फक्त त्याला सगळे ‘टीपी’ म्हणतात, ट्रान्झिट पास. वखराची पास मात्र यांच्या गोतातली नव्हे. लोखंडी पात्याचं ते नाव इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून शेतात आहे.

इंग्रजीतला हा शब्द फ्रेंचमार्गे आला, आणि त्याचं मूळ पावलासाठी असलेल्या लॅटिन शब्दात सापडतं. पाऊल टाकणं, ओलांडणं, ओलांडू देणं आणि शेवटी ओलांडू देणारा कागद, असा त्याचा प्रवास. परीक्षा ओलांडली की पास, सभागृहातून कायदा पार झाला की पास, डोंगरातली खिंडही पासच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मात्र यातला कागदाचा अर्थ माणसाच्या पोटाशी सर्वांत जास्त भिडला. त्या कागदावर सही कुणाची, या प्रश्नाचा इतिहास म्हणजे इथल्या जंगलाच्या मालकीचाच इतिहास आहे.

इथलं सागवान आधीपासून नावाजलेलं. अहेरी-आलापल्लीची लाकडं प्राणहितेत सोडली की ती गोदावरीला मिळून थेट पूर्व किनाऱ्याकडे वाहत जात. इंग्रजांना रेल्वेसाठी, पुलांसाठी, इमारतींसाठी लाकूड हवं होतं आणि जंगलावर हुकमतही हवी होती. १८६५ चा पहिला वन कायदा आला. १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवनं अशी विभागणी केली, आणि वाटेवरच्या मालावर नजर ठेवण्यासाठी एक वेगळं प्रकरणच लिहिलं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात तेच ४१ व्या कलमात आलं: वनोपजाची ने-आण कशी व्हावी, कोणत्या वाटेने व्हावी, पास कुणी द्यावा, हे सरकारने ठरवायचं.

पण या कागदाचं खरं वजन ६९ व्या कलमात आहे. वनोपज सरकारचं की नाही असा वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच मानायचं. म्हणजे जंगलाला लागून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याने डोक्यावरची मोळी आपली असल्याचं स्वतः सिद्ध करायचं. पुरावा नसेल तर ५२ व्या कलमाखाली मालासोबत अवजारं, होड्या, बंड्या, बैलसुद्धा जप्त करता येत. बैल गेला की शेती गेली. एका कागदाच्या अभावी एखादं घर कसं बसत असेल, हे त्या कलमातल्या यादीवरूनच दिसतं.

याविरुद्धचा राग शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उघड्यावर आला. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी परवानगी न घेता राखीव जंगलातलं गवत कापलं आणि जंगल सत्याग्रह विदर्भभर पसरला. गवतासारखी साधी गोष्ट, पण तीही परवान्याखाली गेली होती, आणि गुरं राखणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

स्वातंत्र्य आलं, तरी १९२७ चा कायदा राहिला. बल्लारपूरला वर्धा नदीकाठी कागदाची गिरणी उभी राहिली, आणि पुढची कित्येक दशकं या जंगलांतला बांबू ट्रक भरभरून तिकडे गेला, वनखात्याच्या टीपीवर. मांडवाला, कुडाला, टोपल्या-सुपांना बांबू नेणाऱ्या गावकऱ्याला मात्र वनरक्षकाची नजर चुकवावी लागे. गिरणीला पास आणि गावाला गुन्हा, हा हिशेब लोकांच्या मनात सलत राहिला, आणि ते सलणं अगदी रास्त होतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने या हिशेबाला हात घातला. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं, त्यातून हे गाव पुढे आलं. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल ही या वाटचालीतली ठळक नावं. ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घ्यायचे आणि अभ्यासगटात बसून कायदा नीट समजून घ्यायचा, ही गावाची रीत. म्हणूनच २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला.

तरी बांबू हलेना. १९२७ च्या कायद्यात ‘झाड’ या व्याख्येतच बांबू घातलेला, तर २००६ च्या कायद्यात तो गौण वनोपज आणि म्हणून गावाच्या मालकीचा. वनखातं जुन्या व्याख्येला धरून बसलं आणि टीपी देईना. मालकी कागदावर गावाची, पण वेशीबाहेर बांबू न्यायचा कागद दुसऱ्याच्या टेबलाच्या खणात! २१ मार्च २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की बांबू हे गौण वनोपज धरा. पाठोपाठ २७ एप्रिलला ते स्वतः मेंढ्याला आले आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आता पास फाडणारं गाव आणि तो तपासणारं खातं, अशी अदलाबदल झाली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि ग्रामसभेची समिती किंवा तिने नेमलेली व्यक्ती वाहतूक पास देईल, हे देशभरासाठी ठरलं.

पुढे २०१७ मध्ये संसदेत दुरुस्ती विधेयक पास झालं आणि जंगलाबाहेर लावलेल्या बांबूच्या सोयीसाठी बांबू हा शब्दच ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला गेला. २९ डिसेंबर २०२३ रोजी देशभर एकच चालणारी ऑनलाइन, क्यूआर कोडची राष्ट्रीय पास प्रणाली सुरू झाली. नाक्यांवरचा खोळंबा तिच्यामुळे कमी होईल, हे चांगलंच. पण ग्रामसभेने दिलेल्या पासाला नाक्यावर तोच मान मिळतो का, हे गडचिरोलीच्या गावांसाठी जास्त मोलाचं आहे.

सही गावाकडे आली की काय होतं, हे पाचगावात दिसतं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. गाव स्वतः बांबू तोडतं, स्वतः विकतं, हिशेब ग्रामसभेपुढे ठेवतं, आणि त्या कामामुळे लोकांना गावातच मजुरी मिळते. तेंदूपानाचाही हक्क त्यांना होता, आणि पैसाही झटपट मिळाला असता. पण चांगली पानं यावीत म्हणून झाडांची छाटणी होते, जंगलाला आगी लावल्या जातात, आणि झाड फळावर येत नाही. तेंदूची फळं माणसंही खातात आणि पाखरंही. ग्रामसभेने चर्चा करून ठरवलं, तेंदू तोडायचा नाही.