तीन पिढ्यांचा हिशोब

१९७४ मध्ये जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी तीन बलं एसयू(५) या एकाच गटात बसवली. पण मूलकणांच्या पिढ्या तीनच का, हे त्यातून कळत नव्हतं. १९८५ मध्ये कँडेलास, होरोविट्झ, स्ट्रॉमिंजर आणि विटेन यांनी हेटेरोटिक स्ट्रिंगच्या दहापैकी सहा मिती कॅलाबी-याऊ अवकाशात गुंडाळल्या. गंमत बघा: त्या रचनेत अवकाशाच्या ऑयलर संख्येच्या निम्म्या पिढ्या मिळतात! तियान आणि याऊ यांना उणे ६ वाला अवकाश सापडला, म्हणजे पिढ्या तीन. पण तेवढ्यानं मॉडेल जमत नाही. जास्तीचे कण उरायला नकोत, प्रोटॉनही टिकायला हवा. म्हणून असा पेपर वाचताना आधी विचारा: यातलं आपोआप काय आलं आणि निवडून काय घेतलं?